वैमानिकांचें जेवण

आकाशांतून जाणारें विमान दिसलें म्हणजे आपण सारे मान वर करून पाहतों. त्याचीं यंत्रें, त्याचा वेग, त्यांत बसून दूरदेशीं जाणारे प्रवासी, यांविषयीं नाना कल्पना आपल्या मनांत येतात. परंतु त्या विमानाच्या अग्रभागीं बसलेले दोन वैमानिक आज काय जेवले असतील, हा प्रश्न क्वचितच कोणास सुचत असेल. प्रथमदर्शनीं तो क्षुल्लक वाटतो. आम्हांसही तो तसाच वाटत होता. पण त्याच्या पाठीमागें शास्त्र, अनुभव आणि कर्तव्यबुद्धि यांचा केवढा मोठा संबंध आहे, हें वाचनांत जसजसें येत गेलें, तसतसें या विषयावर चार शब्द आपल्यापुढें मांडावे असें आम्हांस वाटूं लागलें.

जगांतील पुष्कळ विमानकंपन्यांत असा दंडक आहे कीं, एकाच विमानाच्या मुख्य वैमानिकानें व सहवैमानिकानें एकच पदार्थ खाऊं नये. एकानें कोंबडीचा रस्सा घेतला तर दुसऱ्यानें डाळभात घ्यावा. एकानें मासळी घेतली तर दुसऱ्यानें भाजी घ्यावी. कित्येक ठिकाणीं दोघांनीं एकाच वेळीं जेवूंही नये, मध्यें कांहीं वेळ जाऊं द्यावा, अशी रीत पाळितात. हा नियम सर्व देशांत सरकारी कायद्यानें घातलेला आहे असें नाहीं. बहुतेक ठिकाणीं तो कंपनीच्या अंतर्गत शिस्तीचा भाग आहे. घरीं दोन भाऊ एका ताटांत जेवले तर आपण त्यांच्या प्रेमाचें कौतुक करितों. मग एका कामावरच्या या दोन सोबत्यांनीं एक पदार्थही वाटून खाऊं नये, असें कां?

याचें कारण समजण्यासाठीं आधीं विमानांत वैमानिक दोन कां असतात तें पाहिलें पाहिजे. एके काळीं वैमानिक एकटाच असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे एका लहानशा विमानांतून टपाल घेऊन कराचीहून एकटेच निघाले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेंत त्यांच्या पोटांत कळ उठली असती, तर विमान हातीं घेणारा दुसरा कोणीही जवळ नव्हता. पुढें विमानें मोठीं झालीं, एका विमानांत पुष्कळ माणसें बसूं लागलीं, आणि इतक्या जिवांचा भार एका माणसाच्या प्रकृतीवर टाकणें योग्य नव्हे असें ठरलें. म्हणून दोन वैमानिक आले. ते केवळ काम वांटून घेण्यासाठीं आले नाहींत. एक आजारी पडला तर दुसऱ्यानें विमान सुखरूप उतरवावें, हाही त्यांतील मुख्य हेतु आहे.

परंतु हा हेतु सफल होण्यास एक अट आहे. दोघांनाही एकाच वेळीं, एकाच कारणानें दुखणें येतां कामा नये. एकाच समईंत दोन वाती लावल्या म्हणजे एक वाऱ्यानें विझली तरी दुसरी उजेड देते. पण समईंतलें तेलच संपलें, तर दोन्ही वाती बरोबरच विझतात. दोन वाती असूनही तेव्हां उपयोग होत नाहीं. विमानविद्येंतील तज्ज्ञ लोक या तत्त्वास फार जपतात. समुद्रावरून लांब पल्ला गांठणाऱ्या दोन यंत्रांच्या विमानांत, दोन्ही यंत्रांवर एकच दुरुस्ती एकाच कारागिरानें एकाच खेपेस करूं नये, अशी दक्षता घेतात. कारण त्याच्या हातून एक चूक झाली तर तीच चूक दोन्ही यंत्रांत शिरेल. यंत्रांच्या बाबतींत जें तत्त्व, तेंच वैमानिकांच्या पोटाच्या बाबतींत लागू केलें आहे. दोघांचें ताट एक असणें म्हणजे दोन वातींना एकच तेल असणें होय.

ही भीति एका नाटकांतही दिसते. आर्थर हेली या लेखकानें कॅनडांतील दूरचित्रवाणीसाठीं लिहिलेलें 'फ्लाइट इंटु डेंजर' हें नाटक १९५६ सालीं दाखविण्यांत आलें. दूषित अन्नामुळें दोन्ही वैमानिक एकदम आजारी पडतात आणि युद्धांत विमान चालविलेल्या एका प्रवाशावर सर्वांचे प्राण वांचविण्याची पाळी येते, असें त्याचें कथानक आहे. पुढें १९५७ सालीं त्यावर चित्रपटही निघाला. पुष्कळांनीं ही केवळ कविकल्पना मानली असेल. परंतु अठरा-एकोणीस वर्षांनीं जी खरी गोष्ट घडली, ती कल्पनेपासून फार दूर नव्हती.

फेब्रुवारी १९७५ मध्यें जपान एअर लाइन्सचें एक प्रचंड बोइंग ७४७ विमान टोकियोहून पॅरिसला निघालें होतें. त्या काळीं सोव्हिएत रशियाच्या प्रदेशावरून जाण्यावर निर्बंध असल्यामुळें अशीं पुष्कळ विमानें अलास्कांतील अँकोरेज येथें थांबून, उत्तर ध्रुवाजवळून युरोपांत जात. या विमानांत ३४० हून अधिक प्रवासी होते. अँकोरेज येथें नवें जेवण चढविलें, नवे वैमानिक आले, आणि विमान कोपनहेगनच्या दिशेनें निघालें. तेथें पोंचण्यास थोडा अवधि राहिला असतां प्रवाशांना न्याहरी देण्यांत आली. तींत हॅम घातलेलीं ऑम्लेटें होतीं. ऑम्लेटें ताजीं दिसत होतीं, गरम होतीं, चवीस चांगलीं होतीं. परंतु थोड्याच वेळांत कोणास मळमळूं लागलें, कोणास वांत्या होऊं लागल्या, कोणाच्या पोटांत मुरडा येऊं लागला; आणि पाहतां पाहतां सारें विमान रुग्णालयासारखें झालें. १९६ प्रवासी व एक विमानसेविका आजारी पडलीं. कोपनहेगनला उतरल्यावर १४० हून अधिक जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहा. विमान सुखरूप उतरलें, कारण वैमानिकांनीं तीं ऑम्लेटें खाल्लीं नव्हतीं. पण तीं कां खाल्लीं नव्हतीं? कोणा शहाण्या माणसानें तशी आज्ञा दिली होती म्हणून नव्हे. वैमानिक अँकोरेजहून विमानांत चढले होते. त्यांच्या शरीराच्या घड्याळांत ती न्याहरीची वेळ नसून रात्रीच्या जेवणाची वेळ होती, म्हणून त्यांनीं न्याहरी न घेतां जेवण घेतलें. शेंकडों माणसांचे प्राण त्या दिवशीं घड्याळाच्या एवढ्याशा फरकावर तरले! दैवानें एकदां तारलें, तें नेहमीं तारीलच असें धरून चालणें हा शहाणपणा नव्हे. म्हणूनच या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या वैद्यांनीं असें सुचविलें कीं, यापुढें वैमानिकांनीं निरनिराळें आणि निरनिराळ्या आचाऱ्यांनीं केलेलें अन्न खावें. त्या दिवशीं जें योगायोगानें झालें, तें पुढें नियमानें व्हावें, एवढाच याचा अर्थ.

त्या ऑम्लेटांत असें काय होतें? चौकशींत आढळलें कीं, अँकोरेजच्या पाकगृहांत तें अन्न हाताळणाऱ्या एका आचाऱ्याच्या बोटांवर पिकलेल्या जखमा होत्या. त्या जखमांत स्टॅफिलोकोकस ऑरियस नांवाचे जंतु होते. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिलें असतां हे जंतु द्राक्षांच्या घोसाप्रमाणें दिसतात व त्यावरूनच त्यांना ग्रीक भाषेंतून हें नांव मिळालें. ते कांहीं परके नव्हेत. दर दहा निरोगी माणसांपैकीं सुमारें तिघांच्या नाकांत ते वस्ती करून असतात. गळूं, फोड, पिकलेली जखम यांत तर ते विपुल असतात. आचाऱ्याच्या बोटावरून ते हॅममध्यें आले, आणि तें अन्न बराच वेळ पुरेशा थंडाव्यावांचून राहिल्यामुळें त्यांना वाढण्यास सवड मिळाली.

ही वाढ कशी होते, याचा हिशेब आपल्यापैकीं कोणासही करतां येईल. ऊबदार अन्नांत दर अर्ध्या तासाला एका जंतूचे दोन होतात असें धरूं. एका तासांत चार, दोन तासांत सोळा, आणि सहा तासांत एकाचे ४०९६ होतात. आरंभीं शंभर जंतु असले, तर सहा तासांनीं चार लाखांहून अधिक होतील. हे जंतु वाढतांना अन्नांत एक विष सोडतात. जंतु आंचेनें मरतात. परंतु हें विष इतकें चिवट असतें कीं, अर्धा तास उकळलें तरी तें पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून विमानांत तीं ऑम्लेटें पुन्हां गरम केलीं, तरी त्यांचा कांहीं उपयोग झाला नाहीं. "गरम करून खाल्लें म्हणजे झालें" ही आपली समजूत येथें साफ खोटी ठरते. शिवाय या विषामुळें अन्नाचा रंग, वास वा चव बदलतेच असें नाहीं. जिभेला जें कळत नाहीं, तें पोटाला एक ते सहा तासांत कळतें. आणि हा अवधि नेमका विमानप्रवासाच्या अवधीएवढा आहे!

कोणी म्हणेल, असे प्रसंग कितीसे येणार? ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें २०१० ते २०१४ या पांच वर्षांतील नोंदी तपासल्या, तेव्हां वैमानिक कामावर असतां असमर्थ झाल्याचे दरवर्षीं सरासरी २३ प्रसंग आढळले. आणि त्यांचें सर्वांत मोठें कारण हृदयविकार नव्हे, मूर्च्छा नव्हे, तर पोटाचे विकार हें होतें. त्यांपैकीं पुष्कळ वैमानिकांच्या शेजारीं धडधाकट सोबती होता, म्हणून या गोष्टी वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांनीं आल्या नाहींत.

तथापि, दोन ताटें निराळीं ठेविलीं म्हणजे सर्व काळजी मिटली असें मात्र नाहीं. सगळे जंतु एकसारखे घाई करणारे नसतात. साल्मोनेला नांवाच्या जंतूंचा परिणाम बहुधा खाल्ल्यापासून सहा तासांनंतर, पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं वा त्याहूनही उशिरां दिसतो. मार्च १९८४ मध्यें लंडनहून सुटणाऱ्या विमानांतील अन्नामुळें शेंकडों प्रवासी आणि त्यांच्याबरोबर कित्येक विमान-कर्मचारी या जंतूंनीं आजारी पडले. पदार्थांवर शोभेसाठीं चढविलेला मांसरसाचा एक चकचकीत थर त्यास कारण झाला होता. फेब्रुवारी १९९२ मध्यें ब्युनोस आयर्सहून लिमामार्गें लॉस एंजेलिसला गेलेल्या एका विमानांतील ७५ जणांस पटकीची लागण झाली व एक जण मरण पावला. तेथें संशय समुद्रांतील प्राण्यांच्या थंड कोशिंबिरीवर आला. दोन वैमानिक आदल्या रात्रीं एकाच उपाहारगृहांत एकाच मेजावर बसून तीच कोशिंबीर खातील, तर दुसऱ्या दिवशीं विमानांत निराळीं ताटें घेऊन काय साधणार?

म्हणून जाणते वैमानिक आपला नियम विमानांतच सुरू करीत नाहींत. तो आदल्या दिवसापासून सुरू होतो. परगांवीं मुक्काम असतां ते कच्च्या कोशिंबिरी, अर्धवट शिजलेली मासळी, उघड्यावर चिरून ठेवलेलीं फळें, आणि कोठल्या पाण्याचा आहे हें ठाऊक नसलेला बर्फ वर्ज्य करितात. सोलून खाण्याचें फळ, वाफ निघणारें ताजें अन्न आणि बंद बाटलींतलें किंवा उकळलेलें पाणी, एवढ्यावर ते संतोष मानितात. नवीन गांवची चव पाहण्याचा मोह कोणास होत नाहीं? पण उद्यां आपल्या मागें किती माणसें निर्धास्तपणें झोपी जाणार आहेत, याचें स्मरण ठेवून ते तो मोह आवरतात.

इतकें करूनही कोणास त्रास होऊं लागला तर काय करावें, हेंही त्यांस शिकविलेलें असतें. एका वैमानिकानें विचारलेल्या प्रश्नास दुसऱ्यानें दोनदां विचारूनही योग्य उत्तर दिलें नाहीं, तर तो असमर्थ झाला असें समजून पहिल्यानें विमान आपल्या हातीं घ्यावें, अशी रीत आहे. मग तो असमर्थ झालेला मनुष्य मुख्य वैमानिक का असेना! पण याहूनही कठीण असा एक प्रसंग असतो. विमान सुटण्यापूर्वीं पोटांत थोडी कालवाकालव होत आहे. बाहेर प्रवासी खोळंबले आहेत. आपण नाहीं म्हटलें तर उशीर होईल, वरिष्ठ रागावतील, सोबती हंसतील. अशा वेळीं "मी आज विमान चालविण्यास योग्य नाहीं" हे शब्द उच्चारण्यास मोठें धैर्य लागतें. वादळांतून विमान नेणारा वैमानिक शूर खरा. परंतु जमिनीवर उभा राहून हे शब्द बोलणारा वैमानिक आमच्या मतें त्याहून कमी शूर नव्हे.

आणि हेंच धैर्य त्या दुसऱ्या, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या माणसासही लागतें. तो म्हणजे आचारी. वैमानिकाच्या अंगावर गणवेश असतो, खांद्यावर सोनेरी पट्टे असतात. आचारी मात्र कोठें तरी भिंतीआड, पहांटेच्या वेळीं ऑम्लेटें भरीत असतो. आपल्या बोटावरचा फोड हजारों मैल दूर, समुद्रावर आणि बर्फावर उडणाऱ्या विमानांत काय अनर्थ करील, हें त्यास दिसत नाहीं. त्यानें आज बोट दाखवून "माझें बोट पिकलें आहे, मला आज दुसरें काम द्या" असें म्हणावें, आणि त्याच्या वरिष्ठानें त्याची मजुरी न कापतां तें ऐकावें, यांत सर्व शास्त्राचें सार आहे. जेथें दुखणें सांगणाऱ्यास शिक्षा होते, तेथें दुखणीं लपविलीं जातात. आणि लपविलेलीं दुखणीं ताटांत उतरतात. निराळ्या ताटांचा नियम वैमानिकांस वांचवितो; सांगणाऱ्याचा खरेपणा आणि ऐकणाऱ्याचा समंजसपणा साऱ्या प्रवाशांस वांचवितो.

म्हणून चांगल्या पाकगृहांत आतां नियमांचें जाळेंच विणलेलें असतें. अमेरिकेंत १९६० च्या सुमारास अंतराळवीरांसाठीं अन्न तयार करण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हां शेवटीं अन्न तपासण्यापेक्षां, चूक होण्याजोग्या प्रत्येक पायरीवर पहारा ठेवावा, ही पद्धति निघाली. तीच पुढें विमानांच्या पाकगृहांनींही उचलली. अन्न आंतपर्यंत नीट शिजलें कीं नाहीं हें उष्णतामापकानें पाहतात. शिजलेलें अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खालीं थंड ठेवितात. कारण या दोहोंच्या मधल्या ऊबेंत जंतूंचें फावतें. कच्चें व शिजलेलें यांच्या सुऱ्या, पाट व जागा निराळ्या असतात. ज्यास जुलाब वा वांत्या झाल्या त्यानें बरें वाटल्यावरही दोन दिवस अन्नास हात लावूं नये, असा दंडक पुष्कळ ठिकाणीं आहे.

मित्रहो, आपल्यापैकीं पुढें कोणी वैमानिक होतील, कोणी होणार नाहींत. पण अन्न करणें, वाढणें व खाणें हें सर्वांच्याच वाट्यास येणार आहे. वनभोजनास जातांना पहांटे शिजविलेला भात डब्यांत गच्च भरून आपण दुपारपर्यंत उन्हांत नेतों. लग्नकार्यांत रात्रीं उरलेली बासुंदी व खवा सकाळीं "वाया जाऊं नये" म्हणून मुलांच्या पुढें येतो. शिजवून ऊबेंत ठेवलेल्या भातांतही एका जातीचे जंतु असेंच न मरणारें विष तयार करितात, हें आपणांस ठाऊक असूं द्यावें. भात उरलाच तर तो पसरट भांड्यांत लवकर निववून थंड जागीं ठेवावा. पुष्कळ वेळ बाहेर राहिलेला असेल, तर त्याचा मोह सोडावा. अन्न टाकणें हें आपल्याकडे पाप मानितात, आणि तें योग्यच आहे. पण म्हणूनच बेतानें शिजवावें. विटलेलें अन्न पोटांत टाकणें हें कांहीं पुण्य नव्हे.

आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशीं वाढपी होण्याची हौस कितीही असली, तरी ज्याच्या बोटाला पिकलेली जखम आहे त्यानें पुढें येऊन सांगावें व त्या दिवशीं पाट मांडण्याचें किंवा पाहुण्यांस बसविण्याचें काम घ्यावें. त्यास कोणी हंसूं नये. त्याला कदाचित् कोणी शाबासकीही देणार नाहीं. कारण जें संकट आलेंच नाहीं, त्याबद्दल आभार मानण्याची जगांत चाल नाहीं. त्या दिवशीं शेंकडों मुलें जेवून सुखानें घरीं जातील, रात्रीं निवांत झोपतील, आणि कोणाच्या खरेपणामुळें तीं निवांत झोपलीं हें त्यांना कधींही कळणार नाहीं. वैमानिकांचेंही असेंच आहे. आपण विमानांतून उतरतों, सामान घेतों व घरची वाट धरतों. पुढच्या कक्षांत दोन माणसें निराळीं ताटें घेऊन जेवलीं होतीं, हें आपल्या गांवींही नसतें. पुढच्या खेपेस आकाशांत विमान दिसेल, तेव्हां त्या दोन ताटांची आपणांस आठवण व्हावी, आणि आपल्या स्वतःच्या हातांकडे एकदां तरी नजर जावी, एवढीच आमची इच्छा आहे.